बाबांनी सांगितलेला सिनेमा

आमच्या घरात एक सिनेमा होता आणि तो बाबांखेरीज कुणीच पाहिलेला नव्हता. जुना, काळापांढरा, इंग्रजांनी काढलेला, महायुद्धातल्या हेरगिरीचा. बाबा पुण्यात कॉलेजला असताना त्यांनी तो कॅम्पातल्या एका थिएटरात रविवारी सकाळच्या खेळाला पाहिला. पुढे पाटबंधारे खात्यात नोकरी लागली, लग्न झालं, मी झाले, आणि वीज गेली की, मला ताप आला की, एसटीची वाट बघत बसायची वेळ आली की बाबा तो सिनेमा सांगायला घ्यायचे. चिऊकाऊच्या गोष्टी माझ्या वाट्याला फारशा आल्याच नाहीत. मला थेट हेर मिळाला.

गोष्ट अशी. हॉलंडमधलं एक लहानसं बंदर शत्रूने ताब्यात घेतलंय. लंडनच्या ऑफिसात मोठे साहेब एका तरुण अधिकाऱ्याला बोलावतात, त्याच्याकडे एक नकाशा देतात आणि निघताना त्याचा हात बराच वेळ हातात धरून ठेवतात. ‘का धरला?’ मी विचारायचे. ‘अभिमानाने. साहेबांना मुलगा नव्हता, त्याला त्यांनी मुलगाच मानलं होतं.’ मग तो अधिकारी घड्याळजी बनून त्या गावात उतरतो. एक बेकरीवाली म्हातारी त्याच्यावर माया करते, पावात लपवून त्याला चिठ्ठ्या देते. एक लंगडा माणूस सारखा त्याच्या मागावर असतो, तो शत्रूचा. शेवटी हेर धुक्यातून कालव्याच्या काठाने चालत जातो आणि पडदा पांढरा होतो. ‘पण पोचला का तो?’ ‘पोचला तर. पलीकडे बोट उभी होती त्याच्यासाठी.’ बोट उभी आहे हे ऐकल्याशिवाय मी झोपत नसे.

पुढे मी हॉलंडलाच येऊन पडले, त्याचा या सिनेमाशी काडीचा संबंध नाही. आइंडहोवनला चिपा बनवणारी यंत्रं तयार होतात आणि मी मोजमापं तपासणारी इंजिनियर आहे, एवढाच संबंध. बाबांना मात्र तसं वाटत नाही. मला इथे येऊन अकरा वर्षं झाली तरी ते पाहुण्यांना सांगतात, ‘बीज मी पेरलं होतं.’

बाबांना आयुष्यात एक गोष्ट जमली नाही, ती म्हणजे ‘मला माहीत नाही’ असं म्हणणं. कुणी पत्ता विचारला तर स्वतः कधी न गेलेल्या गावातलाही रस्ता सांगतील, वर वाटेत चहा कुठे चांगला मिळतो तेही सांगतील. आई असताना ती मागून हळूच हाताने ‘नाही, नाही’ करायची. इंग्रजीच्या बाबतीत तर विचारायलाच नको. तालुक्यात इंग्रजीत पहिले आलेले. आमच्या अख्ख्या गल्लीचे अर्ज, विनंत्या, तक्रारी त्यांच्याच हातच्या. त्यांचं पत्र वाचून साहेब लोक उभे राहतात, असं ते सांगायचे आणि आम्हाला ते खरं वाटायचं.

आई गेल्यानंतर या उन्हाळ्यात बाबा पहिल्यांदाच एकटे माझ्याकडे आले. माझी मुलगी अकरा वर्षांची. तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं आणि चिडली की डचमध्ये. पहिले दोन आठवडे आजोबा आणि नात ‘हाय’ आणि ‘बाय’ यांच्यावर निभावत होते. माझा नवरा कामासाठी आठवड्यातले चार दिवस अ‍ॅमस्टरडॅमला, मी ऑफिसात. घरात दोघंच, आणि दोघांच्या मध्ये बिस्किटांचा डबा. मला वाईट वाटायचं. मग एका संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर, बाहेर अजून लख्ख ऊन असताना, बाबांनी सिनेमा सुरू केला.

पोरगी हातातला फोन उपडा ठेवून ऐकत बसली. दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, ‘आजोबा, व्हॉट हॅपन्ड टु द क्लॉक मॅन?’ आठवडाभर चाललं ते. लंगडा माणूस आला की बाबा पाय ओढत सोफ्याला फेरी मारायचे आणि ती उशीमागे लपायची. मी भांडी लावता लावता ऐकायचे. मला सगळं पाठ होतं, तरी ऐकायचे.

एका शनिवारी सुपरमार्केटच्या फलकापाशी पोरगी थबकली. आमच्या वस्तीतल्या छोट्या थिएटरात बुधवारी दुपारी ज्येष्ठांसाठी जुने सिनेमे लावतात, तिकिटाबरोबर कॉफी आणि एक बिस्कीट. त्याची चिठ्ठी लागली होती. चिठ्ठीवर कालव्याच्या काठाने चालणारा, हातात घड्याळजीची पेटी घेतलेला माणूस. ‘आजोबा, धिस इज हिम.’ बाबांनी चष्मा पुसला आणि जवळ जाऊन बराच वेळ पाहिलं. ‘हाच,’ म्हणाले. मी लगेच तीन तिकिटं काढली, दीड आठवड्यानंतरच्या बुधवारची. त्याच्या पुढच्या रविवारी बाबांचं परतीचं विमान होतं.

मधल्या शुक्रवारी सकाळी बाबा वरच्या खोलीत चढून गेले आणि पलंगावर बसून राहिले. इथल्या घरांचे जिने शिडीसारखे उभे असतात. मी वर गेले तर म्हणाले, ‘छातीत जरा फडफडतंय.’ खोदून विचारल्यावर कळलं, आधीही दोनदा झालं होतं. मी हाऊसआर्ट्सला फोन केला. इथे प्रत्येक घराला नेमून दिलेला फॅमिली डॉक्टर असतो, त्याला हाऊसआर्ट्स म्हणतात, आणि ते आलेल्या पाहुण्यांनाही तपासतात. अकरा वीसची वेळ मिळाली. मला अकराला मीटिंग होती.

‘तू कशाला येतेस?’ बाबा म्हणाले. ‘चार मिनिटांवर दवाखाना. डॉक्टर इंग्रजी बोलतात ना? मग झालं.’

मी त्यांना एकटं जाऊ दिलं. मीटिंग होती हे खरं, पण ती काही माझ्यावाचून अडणार नव्हती. बाबांच्या इंग्रजीवर माझा लहानपणापासूनचा विश्वास होता, म्हणून जाऊ दिलं. दुपारी घरच्या लँडलाइनवर फोन केला तर बाबा खुशीत. ‘सगळं ठीक. वयाप्रमाणे आहे म्हणाल्या. चालत राहा, पाणी पीत राहा. फार हुशार बाई.’ मी हुश्श केलं आणि कामाला लागले.

बुधवारी माझी साप्ताहिक सुट्टी असते आणि शाळाही दुपारी सुटते. आम्ही तिघं थिएटरात गेलो. चाळीसेक खुर्च्या, बहुतेक पांढरी डोकी, कोटांचे ढीग. सिनेमा इंग्रजीत आणि खाली डचमधली वाक्यं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. माझ्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला पोरगी.

सुरुवात झाली आणि मला हसू आलं. सगळं जसंच्या तसं. ते ऑफिस, तो नकाशा, ते साहेब, त्यांच्या मिशासुद्धा बाबांनी सांगितल्या होत्या तशा. मग तरुण अधिकारी आत यायच्या आधी साहेब आपल्या सहायकाशी बोलतात तो प्रसंग आला. बाबांनी तो कधी सांगितला नव्हता. साहेब पाइप झटकत शांतपणे म्हणतात की या पोराला द्यायचा नकाशा खोटा आहे. त्याने पकडलं जायला हवं, तरच शत्रूचा त्या नकाशावर विश्वास बसेल. मग पोरगा आत येतो आणि साहेब त्याचा हात बराच वेळ धरून ठेवतात.

मी खुर्चीत सरसावून बसले. पुढे एकेक करून सगळंच उलटं होत गेलं. बेकरीवाली म्हातारी त्याला पाव देते आणि त्याची पाठ वळताच मागच्या दाराने शत्रूच्या ठाण्यावर जाते. लंगडा माणूस शत्रूचा नाहीच. गावात एकट्या त्यालाच कळलेलं असतं की या पोराला फसवून पाठवलंय, आणि ते सांगायला तो सबंध सिनेमाभर त्याच्यामागे पाय ओढत फिरतो. पोरगा त्याला घाबरून दर वेळी पळतो. चित्रं सगळी बाबांनी सांगितलेलीच होती, एक चित्र इकडचं तिकडे नव्हतं. आत काय चाललंय ते तेवढं बाबांचं होतं. लहानपणभर मी त्या लंगड्या माणसाचा द्वेष केला होता. तो शेवटच्या वेळी पुलावर उभा राहून हाक मारतो आणि धुक्यात त्याची हाक पोचत नाही, तेव्हा मला रडू फुटलं. शेवटी साहेब फोनवर दोन वाक्यं बोलतात: बोट पाठवू नका, गरज नाही. मग कालवा, धुकं, पांढरा पडदा.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता आणि ओठ हलत होते. ते पडद्यावरच्या माणसांबरोबर स्वतःचे संवाद म्हणत होते, मराठीत.

बाहेर कॉफी मिळाली. बाबा एकदम तरुण दिसत होते. ‘पाहिलंत? अगदी सांगितलं होतं तस्सं,’ म्हणाले.

माझी पोरगी इथेच वाढलेली. इथली मुलं मनात आलेलं मागे ठेवत नाहीत, त्यात त्यांना उद्धटपणाही वाटत नाही. ती म्हणाली, ‘नो, आजोबा. द बॉस लाइड टु हिम. ही वॉज सपोज्ड टु गेट कॉट.’

‘नाही गं. साहेबांना मुलगा नव्हता ना, त्यामुळे...’

‘ही हॅज टू सन्स. ही सेज सो.’

बाबा हसले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ‘तू खालचं डच वाचत होतीस. भाषांतरात चुका असतात.’

तिने माझ्याकडे पाहिलं. मी बिस्कीट खाल्लं. भर लोकांत बाबांना खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं होतं.

सायकली हातात धरून आम्ही घरी चालत निघालो. नातीला बाबा कालव्यातल्या बदकांविषयी काहीतरी ठामपणे सांगत होते. मला आधी गंमत वाटत होती. बोलका बाप आहे, तरुणपणी एक गोष्ट रचली, रंगवली, बिघडलं काय? मग माझ्या लक्षात आलं की ही तरुणपणची गोष्ट नव्हती. आता, अर्ध्या तासापूर्वी, त्यांनी तो सिनेमा पुन्हा पाहिला होता आणि त्यातलं एक वाक्यही त्यांना कळलं नव्हतं. आणि कळलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून, बोलण्यावरून कुणालाही समजलं नसतं. मला लगेच शुक्रवार आठवला.

साडेसहाला जेवायला बसलो तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘बाबा, शुक्रवारी डॉक्टर नक्की काय म्हणाल्या होत्या?’

‘सांगितलं की. वयाप्रमाणे आहे. रोज अर्धा तास चाला, पाणी प्या, सकाळी लिंबूपाणी घेतलं तर उत्तम.’

शुक्रवारी अर्धा तास नव्हता. लिंबूपाणी तर नव्हतंच. गोष्ट पाच दिवसांत वाढली होती, आणि इथला डॉक्टर मरणाऱ्यालासुद्धा लिंबूपाणी सांगत नाही, पॅरासिटामॉल सांगतो. मी पोळी ताटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला दवाखान्याचा फोन सुरू होतो, तेव्हा मी फोनवरच्या रांगेत सहावी होते. बाबा समोर बसून टोस्टला लोणी लावत होते. माहिती पेशंटसमोरच देतात, म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या मुलीने इंग्रजीत सांगितलं की डॉक्टरांना नाडी बरीच अनियमित लागली होती. ईसीजी आणि रक्त तपासायला सोमवारी सकाळी यायचं ठरलं होतं. पेशंट आले नाहीत. त्यांनी दिलेल्या नंबरवर दोनदा फोन केला, तो बंद होता.

तो बाबांचा भारतातला नंबर. रोमिंग लागतं म्हणून ते फोन बंदच ठेवतात.

‘बट ही सेड येस,’ ती म्हणाली. ‘ही वॉज व्हेरी क्लिअर.’

लगेच साडेदहाला यायला सांगितलं. मी फोन ठेवला. बाबा टोस्टच्या पार कडेपर्यंत लोणी लावत होते. मला भयंकर राग आला होता. त्यांचा, आणि त्या मीटिंगचा, आणि माझा. ओरडले मात्र नाही. ‘बूट घाला,’ एवढंच म्हणाले.

ईसीजी पाच मिनिटांत झाला. मग डॉक्टर बोलावेपर्यंत आम्ही बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. बाबा शर्टाची बटणं लावत होते. बराच वेळ लागला त्यांना.

‘खोलीत आम्ही चौघं होतो,’ ते आपण होऊन म्हणाले. मला आधी समजलंच नाही, कुठल्या खोलीत. ‘कॉलेजला. इंग्रजी सिनेमा आला की मला धाडायचे. मी पाहायचा आणि येऊन सगळ्यांना सांगायचा. माझं इंग्रजी चांगलं ना. आत बसलो आणि पडद्यावरचे साहेब तोंडातल्या तोंडात बोलायला लागले. वाचायला दे, कसलंही इंग्रजी वाचतो. पण ते बोलतात ते... दोन तासांत मला “येस सर” आणि “गुड नाइट” एवढंच कळलं.’

‘मग?’

‘मग काय. कॅम्पातून खोलीवर चालत यायला तास लागायचा. पुलापर्यंत निम्मी गोष्ट जमली. खोलीवर येईपर्यंत बोटसुद्धा लागली.’

मला हसू आलं, आणि ते आलं याचाही राग आला. ‘कळलं नाही म्हणून सांगितलं असतं तर काय झालं असतं, बाबा?’

‘काही नाही. पुढच्या वेळी दुसऱ्याला धाडलं असतं.’



‘आणि शुक्रवारी?’ मी विचारलं.

‘ती बाई इतकं छान समजावत होती. मधूनमधून “ओके?” विचारायची. पहिल्यांदा ओके म्हणून बसलो. मग दुसऱ्यांदा नाही कसं म्हणायचं?’ ते पुन्हा बटणांकडे वळले. ‘तुझी आई असती तर मागून हात हलवला असता तिने.’

मी त्यांचं वरचं बटण लावून दिलं. तेवढ्यात आम्हाला आत बोलावलं.

डॉक्टरबाई उंच, शांत, माझ्याच वयाच्या. मी रस्त्यात मनाशी दोन वाक्यं जुळवून ठेवली होती, ती मी डचमध्ये म्हटली: सोमवारबद्दल क्षमा करा, माझ्या वडिलांना इंग्रजी नीट समजलं नव्हतं आणि रविवारी त्यांचं परतीचं विमान आहे. वाक्यं झकास जमली. खरं सांगायचं तर बाबांच्या देखत डच बोलताना मला बरं वाटत होतं. डॉक्टरबाईंचा चेहरा खुलला, त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली, आणि ईसीजीचा कागद पुढे ठेवून त्या डचमध्ये सुरू झाल्या. भरभर, मनापासून. कागदावर त्यांनी हृदयाचं चित्र काढलं, त्याच्या वरच्या भागात पेनाने ठिपके दिले. मी मान हलवत होते. ‘या, या,’ म्हणजे डचमधलं हो, हो. हृदय कळलं. गोळी कळलं. रक्त कळलं. रविवार कळलं, आणि रविवारच्या आगेमागे कुठेतरी विमान होतं. ऑफिसात आमचं सगळं काम इंग्रजीत चालतं, आणि जेवणाच्या टेबलावर सगळे डचमध्ये गेले की मी अशीच मान हलवत जेवते. अकरा वर्षं झाली.

डॉक्टरबाई थांबल्या आणि त्यांनी विचारलं, समजलं ना?

‘या,’ मी म्हणाले.

‘काय म्हणतात?’ बाबांनी विचारलं.

‘म्हणाल्या, ठोके जरा अनियमित आहेत,’ मी सांगायला लागले. आवाज छान स्थिर होता माझा. ‘घाबरण्यासारखं काही नाही. एक गोळी देतायत, ती सुरू करायची. आणि रविवारी...’

मी अडखळले. बाबा माझ्याकडे पाहत होते. रागाने नाही, चेष्टेनेही नाही.

‘तुला कळलं का?’ ते म्हणाले. ‘खरं सांग.’

‘नाही, बाबा.’

बाबांनी खिशातलं पेन काढलं, ईसीजीचा कागद स्वतःकडे ओढून उलटा केला आणि डॉक्टरबाईंना इंग्रजीत म्हणाले, ‘डॉक्टर, प्लीज, स्लोली. आय डिड नॉट अंडरस्टँड. माय डॉटर ऑल्सो डिड नॉट अंडरस्टँड.’

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत सांगितलं, बाबांनी तो तसाच लिहून घेतला. रविवारी विमानात बसायचं नाही. मी बाबांना सांगणार होते, रविवारी खुशाल जा.